शब्द सगळे आहेत

माझ्या भावाला वेडं ठरवण्यात आलं ते एका शुक्रवारी दुपारी. 'वेडा' हा शब्द कोणी वापरला नाही, शिकलेली माणसं ती. त्यांनी लिहिलं, 'विचारांत सलगता नाही, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्यास असमर्थ.' म्हणजे तेच. त्याखाली लिहिलं की यांना घरी न सोडता कायमच्या देखभालीच्या संस्थेत हलवावं. सोमवारी दुपारी गाडी येणार होती.

दादा माझ्याहून बराच मोठा. किल्ल्या बनवतो, कुलपं दुरुस्त करतो. खाली दुकान, वर राहायची खोली, मध्ये अरुंद जिना. वहिनी गेल्यापासून एकटाच असतो. मागच्या हिवाळ्यात त्याच्या मेंदूतली एक शीर फुटली. जीभ गेली, उजवा हात गेला, डोकं मात्र जागच्या जागी राहिलं. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही. पुनर्वसन केंद्रात आणल्यावर काही दिवसांतच त्याने तिथल्या औषधांच्या कपाटाचं अडकलेलं कुलूप डाव्या हाताने, नर्सच्या केसातली पिन घेऊन उघडून दिलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी कोणाला त्याच्या विचारांच्या सलगतेची शंका आली नाही.

केंद्राने त्याला एक बोलकी पाटी दिली होती. पाटी म्हणजे जाड काचेचा टॅबलेट, त्यावर मोठाले चौकोन, प्रत्येक चौकोनात एक चित्र आणि एक शब्द. हवे ते चौकोन एकामागून एक दाबायचे आणि शेवटी कोपऱ्यातलं तोंडाचं चित्र दाबायचं, की पाटी ते शब्द बोलून दाखवते. आवाज एका बाईचा. माझा एवढा थोरला, दाढीवाला भाऊ बाईच्या आवाजात बोलायला लागला तेव्हा सगळ्यांत आधी तोच हसला. नातेवाइकांसाठी रिकामे चौकोन होते. त्यातल्या एकावर त्याने माझ्यासाठी लाल मिरचीचं चित्र बसवून घेतलं. लहानपणापासून मी त्याची मिरचीच.

तर शुक्रवार. लांबट खोली, टेबलापलीकडे तिघं, त्यात बोलणारे एकटे प्रमुख डॉक्टर. अलीकडे दादा, त्याच्या पुढ्यात पाटी. मी मागच्या कोपऱ्यात. नातेवाइकांनी बसावं पण बोलू नये असा नियम होता, आणि मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा, त्या नियमाने मला आतून किती भाजलं असेल.

"घरी एकटं राहायची भीती वाटते का?" डॉक्टरांनी विचारलं.

दादाने मान जोरजोरात हलवली. नाही.

"मान नको. मान हलवलेली आम्ही धरत नाही. वाक्यात सांगा."

दादाचं बोट पाटीवर फिरलं. मला पाठमोरा तो, बोट कुठे पडतंय ते दिसत नव्हतं. मग पाटी बोलली, "इथे नाही घरी भीती."

"इथे नाही, घरी भीती," असं स्वतःशी म्हणत डॉक्टरांनी लिहून घेतलं.

दादाची मान पुन्हा हलायला लागली. त्याने तेच पुन्हा दाबलं, पाटी पुन्हा तेच बोलली. तो पाटीकडे बघतच राहिला. मग त्याने डाव्या हाताची मूठ वळली आणि पाटीवर आपटली. डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. पुढे अहवालात पाहिलं तर तिथे शब्द होता, 'आक्रमक'.

"अहो, तो नाही म्हणतोय!" मी उठलेच. "एवढी मान हलवतोय, दिसत नाही का तुम्हाला?"

मला बाहेर काढलं. नंतर कॉरिडॉरमध्ये डॉक्टर मला लहान मुलीला समजावावं तसं समजावत होते. म्हणे, मान एक सांगते आणि वाक्य दुसरंच सांगतं, यालाच आम्ही विसंगती म्हणतो. म्हणजे माणसाचं आणि यंत्राचं पटत नसेल तर बिघडलेला कोण? माणूस! यंत्रावर संशय घ्यायचं त्या तिघांतल्या एकाच्याही मनात आलं नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हेच.

संध्याकाळी मी दादाच्या खाटेशेजारी उभी राहून बोलत होते. बोलत कसली, डॉक्टरांचा, त्यांच्या पेनाचा आणि त्या लांबट टेबलाचा उद्धार करत होते. दादाने पाटी जवळ ओढली. आधी मिरची दाबली, मग 'गप्प'वर बोट आपटलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि तोंड दाबलं.

"गप्प मिरची," पाटी म्हणाली.

मी खरंच गप्प झाले. दादा मला एकदा गप्प म्हणून कधीच थांबलेला नाही. एकदा सांगून मी ऐकत नाही हे त्याला मी बोलायला लागल्यापासून ठाऊक आहे. अलीकडे पाटी एकदाच 'गप्प' म्हणायची आणि मला वाटायचं, आजाराने माणूस सौम्य झाला. सौम्य, कप्पाळ! बोट तर तीनदा पडलं होतं, मी बघत होते.

"दादा, दुपारचं उत्तर दाब. तेच, पण हळू."

त्याने दाबलं. घरी. भीती. नाही. इथे. भीती.

घरी भीती नाही, इथे भीती. इतकं सरळ वाक्य. पाटी म्हणाली, "इथे नाही घरी भीती." दोनातली एक 'भीती' तिने खाल्ली होती आणि उरलेल्या शब्दांची अशी काही फिरवाफिरव केली होती की अर्थ नेमका उलटा झाला. पूर्वी पाटीच्या वरच्या कडेला एक पट्टी असायची, दाबलेले शब्द तिथे ओळीने दिसायचे. नव्या अपडेटमध्ये ती काढून टाकली होती, पाटी दिसायला मोकळी वाटावी म्हणून. ती असती तर दादाने निदान बोटाने दाखवलं असतं.

मी पाटी बंद केली, परत चालू केली. "दाब पुन्हा."

त्याच क्रमाने पाच वेळा बोट पडलं. पाटी म्हणाली, "भीती घरी इथे नाही."

बोटं तीच, शब्द तेच, वाक्य वेगळं. आणि इथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण मला कळलं होतं काय झालंय. मी बसच्या वेळापत्रकांचे प्रोग्राम लिहिते. आमच्या धंद्यात गोष्टी एकत्र ठेवायचे साधे प्रकार आहेत, ते पहिल्या आठवड्यात शिकवतात. लिस्ट म्हणजे रांग. कोणाच्या मागे कोण ते ठरलेलं, एकच माणूस दोनदा उभा राहिला तरी चालतो, मध्ये कोणी घुसवता येतो, काढता येतो. टपल म्हणजे तीच रांग, पण सगळ्यांचे पाय खिळ्यांनी ठोकलेले, एकदा केली की बदल नाही. आणि सेट म्हणजे पिशवी. पिशवीत एक वस्तू एकदाच राहते, आणि आधी काय टाकलं, नंतर काय टाकलं, याची पिशवीला फिकीर नसते. एकातून दुसऱ्यात जाणं अगदी सोपं, एका शब्दाचं काम. सोपं म्हणूनच घात होतो. कोणीतरी माझ्या भावाच्या वाक्याची रांग पिशवीत ओतली होती आणि पिशवी हलवून पुन्हा रांग म्हणून बाहेर काढली होती.

दादाला हे सांगितलं. त्याने उशाखालून त्याच्या दाराची किल्ली काढली, दात्यांवरून अंगठा फिरवला आणि माझ्यापुढे धरली. त्याला एवढंच पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाटी घेऊन ती बनवणाऱ्या कंपनीत गेले. पाटी नेली म्हणजे दादाचं तोंडच उचलून नेलं, दिवसभर तो मुका बसणार होता. त्यानेच ती माझ्या पिशवीत कोंबली. कंपनीचं ऑफिस काचेचं, कुंड्या ठेवलेलं, शनिवारचं अर्धं रिकामं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रत्येकाला आवाज.' ते वाचून माझं डोकं आणखीच फिरलं.

पाटीचं काम बघणारी मॅनेजर बाई गोड होती. गोड माणसांशी भांडणं फार अवघड. म्हणाली, "तुम्ही वेबसाइटवर तक्रार नोंदवा ना. आमची टीम नक्की बघेल."

"माझ्या भावाला सोमवारी नेतायत."

"तो वैद्यकीय निर्णय आहे, मॅडम. त्यात आम्ही काय करणार?"

"तो निर्णय तुमच्या पाटीने घेतलाय. ज्याने हे लिहिलं त्याला बोलवा, नाहीतर मी या कुंडीशेजारी बसते. मला पाणी घालायचीही गरज नाही."

प्रोग्रामर आला. मला वाटलं होतं कोणी नुकतं मिसरूड फुटलेलं पोर असेल. हा माझ्याच वयाचा निघाला, टक्कल पडायला लागलेला, चष्मा कपाळावर. मी पाटी दाखवली. त्याने पाच चौकोन दाबले, ऐकलं, आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

"डुप्लिकेट काढायला केलं होतं," तो म्हणाला. "ज्यांचे हात थरथरतात त्यांचं बोट एकाच चौकोनावर दोन-तीनदा पडतं. तक्रार आली होती. एक आजोबा पाणी मागायचे तर पाटी पाणी पाणी पाणी पाणी करायची."

"तहान लागली असेल त्यांना! चारदा म्हणाले तर चारदा ऐकायचं!"

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझा अंदाज खरा निघाला. शब्दांची लिस्ट घेतली, तिचा सेट केला, सेटची परत लिस्ट केली. एक ओळ. असल्या ओळीवर लोक एकमेकांची पाठ थोपटतात.

"तपासलं नाहीत?"

"तपासलं की. सगळ्या टेस्ट पास झाल्या."

"कशावर?"

तो घुटमळला. "आकड्यांवर. चौकोनांना नंबर देऊन. एक, दोन, दोन, तीन, चार."

मला हसावं की रडावं कळेना. छोटे आकडे पिशवीत टाकले की ते शहाण्यासारखे ओळीनेच बाहेर येतात, तो त्यांचा गुण नाही, योगायोग आहे. शब्द तसे येत नाहीत. शब्दांचा क्रम तर यंत्र दर वेळी नव्याने चालू केलं की नव्याने बदलतो. बोलायच्या यंत्राची परीक्षा यांनी एका शब्दाविना घेतली होती!

"पण एक आहे," मॅनेजर बाई मध्येच म्हणाली, "शब्द सगळे आहेत ना? एकही शब्द गेलेला नाही."

शब्द सगळे आहेत! माणसाची हाडं पोत्यात भरून घरी पाठवली आणि म्हटलं, मोजून घ्या, सगळी आहेत, तर त्याला माणूस म्हणायचं का? हे मी तिला मोठ्याने विचारलं. पलीकडच्या टेबलांवरची होती-नव्हती ती डोकी वर आली.

प्रोग्रामर घाईने म्हणाला, "क्रम राखून डुप्लिकेट काढायची पद्धत आहे. ती टाकतो."

"डुप्लिकेट काढायचेच नाहीत! तो दोनदा भीती म्हणाला तर ती दोन वेगळ्या जागची भीती आहे. थरथरणाऱ्यांसाठी वेगळी सोय करा. एका झटक्यात दोनदा बोट पडलं तर एक धरा, आणि तेही ज्याला हवं त्यालाच. माझ्या भावाचा हात थरथरत नाही. तो कुलपं उघडतो."

"बरोबर आहे," तो हळूच म्हणाला.

"पुढच्या रिलीजमध्ये घेऊ," बाई म्हणाली. "आज कोणी नाहीये, मॅडम."

मी पाटी तिच्यापुढे सरकवली. "हे यावर सांगा. तुम्ही बनवलीय, तुम्ही बोला. आज काम नाही, उद्या काम. आहेत ते चौकोन."

ती नाइलाजाने हसली आणि दाबायला लागली. आज. काम. नाही. उद्या. काम. तोंड.

"उद्या नाही आज काम," पाटी खणखणीत आवाजात म्हणाली.

प्रोग्रामरला हसू फुटलं, त्याने ते खोकल्यात लपवलं. बाईचा चेहरा मात्र उतरला. ती पुन्हा दाबायला गेली, पाटी पुन्हा तेच म्हणाली. "मी असं म्हटलंच नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चढला, "मी हे म्हटलंच नाही!"

"माझा भाऊसुद्धा हेच सांगत होता. मान हलवून."

मग कोणी रिलीजचं नाव काढलं नाही. प्रोग्रामर तिथेच बसला. ओळ काढली, वरची पट्टी परत आणली, आणि या खेपेला शब्दांवर तपासलं, मी शेजारी बसून सांगेन त्या शब्दांवर. निघताना दारापर्यंत आला. "सॉरी," म्हणाला. "सॉरी. सॉरी, ताई."

"तीनदा म्हणालात," मी म्हटलं. "तिन्ही ऐकले."

सोमवारी सकाळी मी डॉक्टरांच्या दारात उभी. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, म्हणजे अर्धं ऐकलं आणि अर्ध्यात फोन घेतला. मग म्हणाले, "असेलही. पण अहवालावर तिघांच्या सह्या झाल्यात. आता त्यात काही बदलता येत नाही."

म्हणजे यांचा अहवाल टपल होता. पाय खिळ्यांनी ठोकलेले. पण टपल बदलता येत नाही म्हणून आमच्या धंद्यात कोणी रडत बसत नाही. जुना तसाच पडू देतात आणि नवा करतात.

"बदलू नका," मी म्हटलं. "नवा करा."

"नव्या तपासणीची मागणी नातेवाइकाला करता येत नाही. रुग्णानेच करायला हवी."

"मग त्याला करू द्या!"

"पण त्यांची वाक्यं..."

मी दादाची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. शुक्रवारपासून ती माझ्याच पर्समध्ये होती. "हिचे दाते बघा. खोल, उथळ, खोल, मध्यम. दोन खोल आहेत, एकसारखे. मग एक कशाला हवा, टाका घासून. उरलेले कुठेही लावा, दाते तर सगळे आहेत. उघडेल दार?"

त्यांनी किल्ली उचलली, उलटसुलट पाहिली. "नाही उघडणार."

"आणि नाही उघडलं तर तुम्ही काय लिहाल? कुलूप वेडं आहे?"

ते उठले. गाडीला थांबायला सांगा, असं त्यांनी बाहेर कोणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं.

पुन्हा तीच लांबट खोली, तीच तिघं. या खेपेला मी खुर्ची दादाच्या बाजूला ओढली आणि कोणी काही म्हटलं नाही. दादाने दाबलं, "मला पुन्हा विचारा." शब्द पट्टीवर ओळीने उभे राहिले. पाटी ते तसेच बोलली.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "घरी एकटं राहायची भीती वाटते का?"

घरी. भीती. नाही. इथे. भीती.

"घरी भीती नाही इथे भीती," पाटी म्हणाली. दोन्ही भीती आपापल्या जागी.

मग बरेच प्रश्न झाले. जिना कसा चढणार? कठडा धरून. पडलात तर? शेजारच्या दुकानातल्या शिंपीणबाईंकडे घंटा वाजेल. औषधं? त्याने खिशातून डबी काढून दाखवली. त्याच्या प्रत्येक उत्तराला मी मनात टाळी देत होते. शेवटी डॉक्टरांनी नवा कागद ओढला. 'स्वतःचे निर्णय स्वतः घेण्यास समर्थ, घरी जाऊ शकतात,' असं लिहिलं आणि तोंडाने म्हणाले, "चला. शेवटी चूक यंत्राची निघाली."

माझं तोंड उघडलंच होतं. दादाने डावा हात वर केला, माझ्यासाठी. मग तो हात पाटीवर आला. यंत्र. चूक. आणि थांबला. डॉक्टर मान डोलावत पेनाचं टोपण लावायला लागले. दादाने तोंड दाबलं नव्हतं. त्याने आणखी दोन चौकोन शोधले, सावकाश, एकेक, आणि मग तोंड दाबलं.

"यंत्र चूक तुम्ही चूक."

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते सहीसाठी खाली वाकले, तर कागदावर दादाचा हात होता, पंजा पसरून ठेवलेला. डॉक्टरांनी वर पाहिलं. दादा मान हलवत होता, नाही म्हणून, अगदी शुक्रवारसारखी.

या वेळी त्यांनी ती मान धरली.

"पुन्हा म्हणता का?" ते म्हणाले. "लिहून घेतो."

दादाने पुन्हा दाबलं, हात कागदावरून उचलला आणि डॉक्टर लिहीपर्यंत बघत राहिला. मीही वाकून पाहिलं. 'चूक' दोनदा होतं.